साबणानं लाल होते ती हळद

१८ फेब्रुवारी १९८७, बुधवार

खडे आहेत. पित्ताच्या पिशवीत, चांगले दहा-बारा. काल संध्याकाळी सोलापूरच्या दवाखान्यात सहा गोळ्या गिळायला लावल्या आणि आज सकाळी फोटो काढला. डॉक्टरांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "बघा बाई." मी बघितलंच नाही. खिडकीबाहेर एक माणूस सायकलला हवा भरत होता, त्याच्याकडं बघत राहिले.

दोन वर्षं मी याला साधं पित्त समजत होते. सोडा प्यायचा, लिंबू चोखायचं. वर्गात कळ आली की फळ्याला पाठ टेकायची आणि तिसरीच्या पोरांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावायचे, म्हणजे माझं कण्हणं कुणाला ऐकू जात नाही. बेंबळीच्या शाळेत माझ्या वर्गाचे पाढे सगळ्यात पक्के आहेत. त्याचं कारण हे.

ऑपरेशन म्हणाले. मी तिथल्या तिथं नाही म्हणलं.

ही वही दूध सोसायटीची आहे. आमचे हे तिथं सचिव. यंदा दुष्काळात दूधच नाही म्हणून घरात कोऱ्या वह्या पडल्यात. कुणाला बोलून दाखवता येत नाही ते इथं लिहीन म्हणते.

२२ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंना सांगितलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. चौदा वर्षांत आमचं भांडण असं कधी झालं नाही आणि पटलं असंही नाही. त्या म्हणाल्या, "पोटात खडे? भातात येक खडा दाताखाली आला तर तोंड वाकडं करतीस, आन् हे कसे गं गेले आत?" मला हसू आलं आणि लगेच रडू.

त्यांना काय सांगू? माझी पुतळामावशी ईट गावची. तिचं याच पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. बरगडीपासून बेंबीच्या खालपर्यंत कापलं होतं. टाके उसवले, पू झाला. चार महिने रोज मी ती जखम धुतली. मावशी छताकडं बघत म्हणायची, "सुमे, लई उघडं राह्यलंय का गं?" मी म्हणायचे, नाही मावशी, भरत आलंय. खोटं. ती गेली त्या दिवशीही मी हेच सांगितलं होतं.

मी पोट कापून घेणार नाही. कळ आली तर येऊ दे.

४ मार्च, बुधवार

काल अशी कळ आली की शाळेच्या पडवीत आडवी झाले. ओकारी थांबेना. ह्यांनी दुधाच्या टेंपोत घालून सोलापूरला नेलं. रिकाम्या कॅनांच्या मधे बसून गेले. सोसायटीचं दूध दीडशे लिटरवरून चाळीसवर आलंय, म्हणून मला बसायला जागा तरी मिळाली.

डॉक्टर या वेळी खुर्ची ओढून समोर बसले. माणूस तरुण आहे, चाळिशीच्या आतला. म्हणाले, "बाई, पिशवी सुजलीय. ती फुटली तर जिवावर बेतेल." मग त्यांनी स्वतःच्या शर्टावर बोट ठेवून दाखवलं. आता छोट्या छेदातून काढता येते म्हणे. बरगडीखाली आडवा, दोन इंचांचा. दुखणं कमी, टाके कमी, पाचव्या दिवशी घरी.

मी विचारलं, "मग सगळेच तसं का करत नाहीत?"

त्यांना हा प्रश्न आवडला असावा. म्हणाले, "कारण आत बघायला जागा कमी मिळते. पिशवीच्या मुळाशी एक नळी असते, पित्ताचं पाणी तिच्यातून आतड्यात उतरतं. तिला धक्का लागता कामा नये. रक्त आलं, नीट दिसलं नाही, तर मी छेद मोठा करणार. हे आधीच सांगून ठेवतो."

मी म्हणलं, मोठा करायचा नाही. ते म्हणाले, असं वचन कुठलाच डॉक्टर देत नाही. हे मधेच म्हणाले, "साहेब, तुम्हाला योग्य वाटंल ते करा." मला ह्यांचा असा राग आला! पोट काय सोसायटीचं आहे का ठराव करायला?

पण दोन इंच. बसमधे पूर्ण वेळ मी बोटांनी दोन इंच मोजत होते. हो म्हणून आलेय. येत्या मंगळवारी ऑपरेशन.

९ मार्च, सोमवार, सोलापूर

उद्या सकाळी. हे बाहेर बाकावर बसलेत. आत्याबाईंनी तुळजापूरचा अंगारा पदरात बांधून दिलाय आणि ओटी बोललीय. मी ती गाठ सोडली नाही. एरवी बोलले असते.

भीती कशाची आहे ते स्पष्ट लिहिते. मरायची नाही. म्हणजे आहेच. पण त्याहून जास्त जाग आल्यावर पोटाला हात लावायची आहे. हात लावला आणि पट्टी बेंबीच्या खालपर्यंत लागली तर?

१२ मार्च, गुरुवार

जिवंत आहे. पट्टी तळहाताएवढी आहे!

आता जे झालं ते लिहिते, नाहीतर माझंच मला खरं वाटायचं नाही. टेबलावर घेतलं तेव्हा डॉक्टरांचं नाक-तोंड बांधलेलं, नुसते डोळे दिसत होते. मी त्यांचा हात घट्ट धरला. सिस्टर सोडवायला लागली तरी सोडला नाही. "साहेब, काही झालं तरी मोठं कापू नका. तुमच्या पाया पडते." ते म्हणाले, "बरं, बरं. सोडा आता." मी म्हणलं, नुसतं बरं नको, शब्द द्या. ते म्हणाले, "बरं बाई, दिला." मग सुई टोचली.

ह्यांनी आज सांगितलं, तासाभराचं म्हणाले होते, अडीच तास लागले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा घामानं निथळत होते आणि कुणाशी न बोलता आत गेले. मी म्हणलं, उन्हाळा सुरू झालाय, घाम येणारच. शब्द पाळला त्यांनी. देवमाणूस.

१५ मार्च, रविवार, होळी

घरी आले. पाचव्या दिवशी म्हणजे पाचव्या दिवशी!

निघताना डॉक्टरांनी बऱ्याच सूचना दिल्या. हे बसला जागा धरायला पुढं गेले होते, म्हणून मलाच दिल्या. तेलकट नको, ओझं नको, आठव्या-नवव्या दिवशी टाके काढायला इथंच यायचं. ताप आला, अंग खाजलं, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर एक दिवसही न थांबता यायचं. शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान डोलावली. मला फक्त घर दिसत होतं.

बाटलीत घालून खडेही दिलेत. अकरा निघाले. आत्याबाईंनी बाटली कानाजवळ हलवून बघितली आणि देवळीत ठेवून दिली.

१७ मार्च, मंगळवार

आत्याबाईंनी आज नवलच केलं. सकाळी हळद वाटली, तेलात कालवली, कोमट केली आणि म्हणाल्या, "लुगडं सोड. पोट फाडून आलीस, म्हंजी बाळंतपनच की. बाळंतिनीसारखंच करनार म्या." टाक्यांची जागा सोडून सगळ्या अंगाला चोळलं. दंड, पाठ, तळपाय, गाल. मग ह्यांचं जुनं पांढरं धोतर फाडून पोटावरून घट्ट बांधलं. ओव्याची शेगडी खाटेखाली सारली.

मी आधी कुरकुर केली. मग स्वतःच पाठ पुढं केली. चौदा वर्षांत या घरात कुणी बाळंतीण झालेली नाही. त्यांनी हे सगळं कुणासाठी तरी शिकून ठेवलं असणार. मला तोंड भिंतीकडं करावं लागलं.

त्या म्हणाल्या, "दुखतंय का गं?" मी म्हणलं, नाही आत्याबाई, बरं वाटतंय. हे मात्र खरं होतं.

१९ मार्च, गुरुवार

टाके काढायला सोलापूरला गेले नाही. धाराशिव, तुळजापूर, मग सोलापूर, दोन ठिकाणी बस बदलायची, आणि परत तो दवाखान्याचा वास. ह्यांना म्हणलं, गावातल्या सिस्टरला बोलवा. त्या दुपारी आल्या, आठ टाके काढून गेल्या. जखम छान आहे म्हणाल्या. माझं अंग बघून हसल्या, "बाई, नवरी झालात की!"

आंघोळ बुधवारपर्यंत नाही. तसंही टँकर एक दिवसाआड येतोय, घरटी चार घागरी. हळदीवर हळद चढतेय. अंगाला खाज सुटलीय, तळहातांना आणि तळपायांना जास्त. बिनआंघोळीचं अंग खाजणारच.

२१ मार्च, शनिवार

लिहायला लाज वाटते, पण वही माझी आहे. लघवी फार गडद होतेय, कोऱ्या चहासारखी. दिवसाला दोन तांबे पाणी प्यायचं म्हणल्यावर दुसरं काय होणार? गावात सगळ्यांचीच तशी असेल. आणि शौचाला पांढरट, भिंतीच्या मातीसारखं. आत्याबाई ताक-भाताशिवाय काही देत नाहीत, पोटात पांढरंच जातंय.

खाज वाढलीय. परवापासून झोप नाही. आत्याबाईंना सांगितलं नाही, नाहीतर हळद बंद करतील.

आज आरसा मागितला आणि मग नको म्हणलं.

२३ मार्च, सोमवार

आमचे हे पहाटे दूध घालायला जातात ते धाराशिवच्या शीतकरण केंद्रावरून दुपारी येतात. आज आले, जेवले, आणि माझ्याकडं बघत बसले. दुधात पाणी आहे का हे ते कॅनमधे बघूनच ओळखतात, तसं बघत होते.

"डोळ्यांत काय झालंय गं?"

"हळद गेलीय."

"दोन्ही डोळ्यांत?"

"तुमच्या आईला विचारा, त्या चोळतात."

हसून सांगितलं मी. हे पण हसले आणि उठून गेले. ते गेल्यावर मी खाटेची कड धरून बसले. मी लहान मुलांना शिकवते. हळद डोळ्यांत गेली तर चुरचुरते, एवढं मला कळतं. माझे डोळे चुरचुरत नाहीत.

नाही. उद्या बघू. आंघोळ झाली की निघून जाईल.

२४ मार्च, मंगळवार

निघून जाणार नाही.

आज टँकरचं पाणी जरा जास्त मिळालं म्हणून आत्याबाईंनी आठवड्याचे कपडे काढले. अंगणात दगडावर धूत होत्या. मी दारात पोत्यावर बसले होते. पोटाला बांधलेलं धोतर त्यांनी भिजवलं, साबण लावला. ते लगेच लालभडक झालं. कुंकवासारखं. हळदीचा कपडा साबणानं लाल होतो हे पोरीबाळींनाही माहीत असतं.

मग माझा पांढरा परकर घेतला. त्यावर मागच्या बाजूला पिवळे डाग होते. साबण लावला. पिवळेच. परत लावला, चोळला. पिवळेच. त्यांनी धोतर आणि परकर शेजारी शेजारी दगडावर टाकले आणि बघत बसल्या. एक लाल, एक पिवळा. मलाही सगळं दिसत होतं.

"सुमन," त्या म्हणाल्या, "ही हळद न्हाय."

मी म्हणलं, "जुना डाग असेल."

त्या ओल्या हातानंच आल्या. माझ्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढली. "किती दीस झाले?"

"आत्याबाई..."

"किती दीस झाले गं, सटवे? म्या तुला पिवळं करत राह्यले आन् तू आतनं पिवळी व्हत राह्यलीस! म्या झाकलं व्हय गं हे? माज्या हातानं झाकलं?" आणि त्यांनी तो हळदीचा हात स्वतःच्याच तोंडावर मारून घेतला. दोनदा. मी धरला तेव्हा थांबल्या.

मग मी सगळं सांगितलं. खाज, लघवी, डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. परकर तसाच ओला गुंडाळून पिशवीत घातला. म्हणाल्या, "हे डाक्टरला दावायचं." धोतर दगडावरच राहिलं. शेजारच्या शांतम्माला ह्यांना आणायला सोसायटीत पळवलं.

मला थंडी वाजून येतेय. ताप आहे. टेंपोची वाट बघतोय. अक्षर वाकडं येतंय.

२८ मार्च, शनिवार, सोलापूर

रक्त तपासलं. बरगडीतून लांब सुई घालून औषध सोडलं आणि फोटो काढला. हा फोटो मात्र मी बघितला. नळी वरून जाड येते आणि एका जागी संपते. पुढं काही नाही.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं आणि उभ्यानंच सांगितलं. पिशवी चिकटलेली होती, रक्त आलं, छोट्या जागेतून बोट घालून टाका टाकला. पिशवीच्या देठाबरोबर मोठी नळीही टाक्यात आली. पित्त यकृतात तुंबलंय. आता परत उघडायचं, नळी मोकळी करून आतड्याला जोडायची. पुण्याहून त्यांचे गुरुजी येणार आहेत. आणि या वेळी छेद मोठा. त्यांनी हातानं दाखवलं नाही, पण मला कळलं.

हे उठले. मला वाटलं आता हात उगारतात. पण ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. आत्याबाई खाली बसल्या होत्या, त्यांनी पिशवीतून परकर काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो हातात घेऊन बघितला. आणखी आठवडा गेला असता तर हातात काही राहिलं नसतं, म्हणाले.

मी विचारलं, "मी हात धरला म्हणून झालं का हे? मोठं करू नका म्हणलं म्हणून?"

त्यांनी परकराची घडी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "चाकू माझ्या हातात होता, बाई. तुम्ही घाबरला होता. मी घाबरायला नको होतं."

मला त्यांचा राग यायला हवा. येतोही. पण हा माणूस दार लावून खरं बोलला, आणि मी खाटेवर पडून घरातल्या माणसांशी आठवडाभर खोटं बोलले. मग राग कुणाकुणाचा करू?

३० मार्च, सोमवार, पाडवा

उद्या सकाळी.

आत्याबाईंनी वॉर्डातल्या सगळ्यांना कडुलिंबाचा पाला वाटला. सिस्टर ओरडली तरी. मला खायची बंदी आहे, म्हणून एक पान नुसतं जिभेवर ठेवून काढून घेतलं.

त्यांना मी पुतळामावशीचं सांगितलं. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ती विचारायची, उघडं आहे का, आणि मी म्हणायचे भरत आलंय. आत्याबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "तिला ठावं असनार. ती तुज्यासाठी इचारत व्हती." मला हे कधी सुचलंच नाही.

भीती वाटते. पूर्ण अंगभर वाटते. काल देवाला म्हणलं, मोठं कापू दे, लागेल तेवढं कापू दे, पण त्यांना नीट दिसू दे. बस्स, एवढंच.

हे बाकावर आहेत. हाक मारली तर येतील. मारते.

२६ एप्रिल, रविवार

कालच घरी आलो. सत्तावीस दिवसांनी लिहितेय. तीन दिवस शुद्ध नव्हती, मग ताप, मग नळीतून बाटलीत पडणारं हिरवं पाणी. ते मोजायचं काम ह्यांच्याकडं होतं. लिटरचं माप घेऊन बसणारा माणूस चमच्या-चमच्यानं मोजत बसला. ज्या दिवशी बाटली कोरडी राहिली, म्हणजे पित्त आतड्यात उतरायला लागलं, त्या दिवशी हे वॉर्डाबाहेर जाऊन रडले, असं आत्याबाई म्हणाल्या.

व्रण बरगडीपासून बेंबीच्या खालपर्यंत आहे. मावशीचा होता तेवढाच. पण बंद आहे. मी रोज हात लावून बघते.

गुरुजींनी जाताना स्पष्ट सांगितलं, जोडलेली जागा पुढं आवळू शकते. महिन्यानं, वर्षानं, दहा वर्षांनी, सांगता येत नाही. तीच लक्षणं, तेच डोळे. म्हणजे भीती आता पाहुणी नाही. तिला घरातच जागा करून द्यायची.

११ मे, सोमवार

आत्याबाईंनी आज परत हळद-तेल कालवलं. मी दचकले. त्या म्हणाल्या, "आधी डोळे." दारात उजेडात नेलं, पापण्या ओढून बघितल्या. मगच चोळलं. आता दर सोमवारी असंच करायचं म्हणाल्या, आधी डोळे, मग हळद, आणि मग धुणं.

धुणं कशाला, ते दुपारी कळलं. एका हंड्यातच त्यांनी पोटावरचं फडकं आणि माझा परकर भिजवला. साबण लावून दोन्ही दगडावर पसरले आणि मला हाक मारली. स्वतः पाठ करून बसल्या.

"बघ गं. काय रंग आला, सांग."

"तुम्हीच बघा की, आत्याबाई."

"म्या न्हाय बघनार. तूच सांग. खोटं बोलायची खोड तुला हाय, ती मोडायची हाय."

मी वाकले. पोट ओढलं, तरी वाकले. फडकं लाल होतं. परकराची कड धरून उन्हाकडं केली. शिवणीजवळ, नाडीच्या घडीत, मागं, सगळीकडं बघितलं. एकदा बघून भागलं नाही म्हणून परत बघितलं. त्या पाठमोऱ्या, मान खाली घालून थांबल्या होत्या.

"कुठंच डाग नाही," मी म्हणलं. "पांढरा आहे."

"नक्की?"

"नक्की, आत्याबाई. नीट बघून सांगतेय."